जुना वाडा, जाड भिंती: माडीपर्यंत वायफाय न्यायला दुसरा राऊटर कसा जोडावा?

माडीवरचा

मंडळी, सल्ला हवा आहे. पुण्यात शुक्रवार पेठेत आमचा वाडा आहे. मागची बाजू विकसकाकडे गेली, आमच्या वाट्याची पुढची बाजू अजून धडधाकट आहे आणि आम्ही तिथेच राहतो. रस्त्यावरून आत आलं की ओसरी, मग छोटा चौक, चौकापलीकडे माजघर आणि स्वयंपाकघर. वर माडी: एक खोली ओसरीच्या डोक्यावर, एक माजघराच्या डोक्यावर, मध्ये चौकाच्या कडेने सज्जा. फायबर रस्त्याच्या बाजूने ओसरीत येतं, त्यामुळे कंपनीने दिलेला मोडेम-राऊटरही ओसरीच्याच भिंतीवर आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा.

ओसरीत नेट झकास चालतं. माजघरात शिरलं की फोनवर एकच कांडी उरते. आई संध्याकाळी तिथे टॅबवर कीर्तन लावते, ते सारखं अडकतं. आणि माडीच्या मागच्या खोलीत, जिथे बायको घरून काम करते, तिथे वायफायचं नावही धड दिसत नाही. तिच्या सगळ्या मीटिंगा मोबाइल डेटावर चालतात. भिंती खाली घडीव दगडाच्या, वर विटामातीच्या. ओसरी आणि चौकामधली भिंत दाराच्या चौकटीपाशी मोजली, दोन फुटांच्या वर भरली.

आधीच्या कनेक्शनचा एक राऊटर घरात पडून आहे. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा, चालू स्थितीत. तो वापरून काही करता येईल का? दुकानदार म्हणतो रिपीटर घ्या, मेव्हणा म्हणतो मेश घ्या. वाड्याच्या भिंती फोडायच्या नाहीत, एवढी एकच अट.

पौडफाटा

रिपीटर घेऊन टाका. प्लगमध्ये खोचायचा, डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायचं, बटण दाबायचं, काम झालं. आमच्या वन बीएचकेत बेडरूमपर्यंत नेट पोचत नव्हतं, आता पोचतं.

तारेवरची कसरत

पौडफाटा, तुमच्याकडे चाललं कारण मध्ये चार-सहा इंची भिंत आहे. वाड्यात नाही चालणार. माझं रोजचं काम हेच आहे, ऑफिसं आणि बंगल्यांमधलं नेटवर्किंग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिपीटर राऊटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. स्वस्तातल्या रिपीटरला ऐकायला आणि बोलायला रेडिओ एकच असतो, चॅनेलही एकच. डेटाचं प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, आणि तोही सगळं सुरळीत असताना. दुसरं म्हणजे तो जिथे लावाल तिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळायला हवा. लोक नेमके नेट येत नाही त्या खोलीत तो लावतात. माडीवरचा, तुमच्या माजघरात तो लावलात तर फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतील, पण त्या फोन आणि रिपीटर यांच्यामधल्या. रिपीटर आणि ओसरीतला राऊटर यांच्यामध्ये कांडी एकच राहणार. आईंचं कीर्तन अडकायचं तेवढं अडकणारच.

दोन फुटी दगडी भिंतीत ५ गिगाहर्ट्झ जवळपास संपतो. २.४ थोडाफार पार होतो. भिंतीला ओल असेल तर तोही कमी, कारण पाणी या लहरी शोषून घेतं.

काहीही विकत घ्यायच्या आधी मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका आणि प्रत्येक खोलीत उभं राहून आकडा लिहून घ्या. तो डीबीएममध्ये असतो आणि उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर. उणे ७५ च्या पुढे कुरकुर सुरू, उणे ८५ ला धरून चालायचं की नेट नाही. दोन्ही बँडचे आकडे वेगळे घ्या. माडीवरच्या दोन्ही खोल्या सोडू नका.

आजोळ

मी उंड्रीला राहते, थ्री बीएचके. आम्ही मेशचा, म्हणजे एकत्र मिळून एकच वायफाय देणाऱ्या डब्यांचा, संच घेतला आणि सगळा त्रास मिटला. एकच नाव, एकच पासवर्ड, फोन घेऊन घरभर फिरा, कॉल तुटत नाही. मुलांचे क्लास, माझं काम, सगळं एका वेळी चालतं. मेशचं नाव का काढत नाही कुणी?

तारेवरची कसरत

आजोळ, तुमच्या फ्लॅटसाठी मेश योग्यच आहे. नव्या इमारतींत स्लॅब आणि कॉलम आरसीसीचे असले तरी खोल्यांमधल्या भिंती पातळ असतात, एक डबा दुसऱ्या डब्याला नीट पाहू शकतो. पण मेशचे डबेही आपसात हवेतूनच बोलतात. महागड्या संचांत त्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, म्हणून वेग निम्मा होत नाही. भिंत मात्र वेगळ्या रेडिओलाही तेवढीच आडवी येते. बहुतेक मेशच्या डब्यांना मागे लॅनचं, म्हणजे घरातल्या नेटवर्कची वायर लावायचं, पोर्ट असतं, वायरने जोडले तर वाड्यातही ते छान चालतील. म्हणजे शेवटी वायर आलीच. आणि वायर येणारच असेल तर घरात पडलेला राऊटर पुरतो, नवा संच कशाला?

माडीवरचा

आकडे घेतले. २.४ आधी, ५ नंतर.

ओसरी: उणे ३६, उणे ४०.
चौक, दारासमोर: उणे ५४, उणे ६३. दाराच्या रेषेतून बाजूला झालं की लगेच दहा-बाराने घसरतो.
माजघर: उणे ७९, ५ दिसत नाही.
माडी, मागची खोली: उणे ८९, तोही येऊन जाऊन.
माडी, पुढची खोली: उणे ५२, उणे ६१.

शेवटचा आकडा बघून मी चकित झालो. ही खोली सामानाची आहे, तिथे कुणी फोन घेऊन बसत नाही. राऊटरपासून माजघर आणि ही खोली यांच्या अंतरात तसा फार फरक नाही.

तारेवरची कसरत

हाच आकडा कामाचा! ओसरीचं छत कडीपाटाचं असणार: सागवानी कड्या, वर फळ्या, त्यावर मातीचा थर. कोरड्या लाकडातून लहरी बऱ्यापैकी पार होतात आणि मातीचा थर काही दोन फूट नसतो. तुमच्या वाड्यात वायफायची वाट आडवी नाहीच, उभी आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि तरी लोक आडव्या भिंतीशी झटत बसतात.

तेव्हा असं करा. ओसरीतल्या राऊटरपासून एक लॅन केबल जिन्याच्या कडेने वर माडीवर न्या, सज्ज्यातून मागच्या खोलीत. दुसरा राऊटर तिथे. वहिनींना तर तो समोरच मिळेल, आणि माजघर त्या खोलीच्या बरोबर खाली आहे, कडीपाटातून आईंनाही मिळेल. एका राऊटरमध्ये दोन्ही कामं, भिंतीला हात न लावता.

केबल कॅट ६ प्रतीची घ्या. कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, तुमचं अंतर त्याच्या पावही नसेल, पण किमतीत फार फरक पडत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. घेताना एक गोष्ट मात्र न चुकता करा: दुकानातच टोक सोलून आतली एक तार ब्लेडने खरवडा. वरचा तांब्याचा रंग जाऊन आत पांढरट चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. ती घेऊ नका. वाकवताना तुटते, कनेक्टरमध्ये ढिली पडते, आणि सहा महिन्यांनी नेट का जातं ते कुणाला कळत नाही. खरं तांबं आतपर्यंत तांबडंच दिसतं.

केबल विजेच्या वायरींच्या पट्टीत घालू नका. अर्धा फूट तरी लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. सज्ज्यातला तुकडा उन्हापावसात असेल तर तेवढ्यापुरती पीव्हीसी पाइपमधून न्या. तुळयांना खिळे ठोकायची गरज नाही, चिकटणारी केसिंग-कॅपिंग पट्टी मिळते. रंगवलेल्या लाकडावर ती नीट बसते, मातीच्या गिलाव्यावर सुटते, म्हणून शक्य तिथे लाकडाच्या कडेने चला.

आणि ओढताच आहात तर दोन केबली ओढा. खर्च माणसाच्या मजुरीचा असतो, केबलचा नाही. एखादी पुढे उंदराने कुरतडली तर दुसरी तयार असते, आणि वाड्यात उंदीर नाहीत असं कुणी मला सांगू नये.

खडूफळा

केबलपर्यंत समजलं. पुढे जुन्या राऊटरमध्ये काय करायचं ते कुणी नीट सांगेल का? माझ्याकडेही असाच एक पडून आहे. नुसती केबल लावून चालेल?

तारेवरची कसरत

नुसती लावली तर नेट कदाचित चालेलही, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतील. त्याचा त्रास पुढे कळतो. आपल्याला जुन्या राऊटरचं राऊटरपण काढून घ्यायचं आहे. फोन-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, घरात एकानेच करायचं. दुसऱ्याने फक्त वायर घ्यायची आणि हवेत सोडायची. याला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात.

सोपा मार्ग: गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच राऊटरमध्ये 'ऑपरेशन मोड' असा पर्याय असतो. तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट निवडा, सेव्ह करा, राऊटर परत सुरू होईल. केबल कुठल्या पोर्टात लावायची ते तोच सांगतो.

तो पर्याय नसेल तर हाताने. जुना राऊटर मुख्य राऊटरला अजून जोडू नका. मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे जुन्या कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड वगैरे निघून जाईल. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅपटॉप केबलने जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टला जोडा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. वायफायचं नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार मुख्य राऊटरसारखाच भरा. मग लॅनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. दोघांचे पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा, आणि हा शेवटचा आकडा मुख्य राऊटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा हवा. अनेक कंपन्यांचे राऊटर मुळात १९२.१६८.१.१ वरच येतात, हे न बदलता जोडले तर दोघं एकाच पत्त्यावर भांडतात आणि सगळ्या घराचं नेट जातं.

पत्ता बदलल्यावर नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरा आणि अगदी शेवटी डीएचसीपी बंद करा. हे शेवटीच, कारण त्यानंतर तो राऊटर लॅपटॉपला पत्ता देणार नाही आणि आत शिरणं कटकटीचं होतं. आता माडीवर नेऊन मुख्य राऊटरच्या लॅनमधून आलेली केबल याच्या लॅनमध्ये लावा. निळं किंवा वेगळ्या रंगाचं वॅनचं, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायचं, पोर्ट रिकामं सोडायचं.

वर दोन केबली ओढा म्हणालो, पण दोन्ही एकाच वेळी या दोन राऊटरमध्ये लावू नका. फेरा पूर्ण होतो, तेच पॅकेट गोल गोल फिरत वाढत जातं आणि मिनिटभरात घरातलं सगळं नेटवर्क ठप्प. दुसरी केबल गुंडाळून ठेवायची.

बिनतारी

वायर खरोखरच अशक्य असेल अशांसाठी लिहितो. जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकता येतं का बघा. लिनक्सवर आधारलेलं मुक्त फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आहे, २००४ पासून चालू. ते टाकलं की पाच-सात वर्षं जुन्या राऊटरलाही नवे सुरक्षा अपडेट मिळतात, कंपनीने सोडून दिलेला असला तरी. त्यात ५ गिगाहर्ट्झवरून मुख्य राऊटरशी बोलायचं आणि २.४ वरून घरात सोडायचं अशी वाटणी करता येते, मग वेग निम्मा होत नाही.

दोन सूचना. आपलं मॉडेल, आणि त्याची हार्डवेअर आवृत्ती सुद्धा, त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा. एकाच नावाच्या राऊटरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असते. चुकीची फाइल टाकली तर राऊटर बंद पडतो. आणि राऊटरला राऊटर हवेतून जोडायचा डब्ल्यूडीएस नावाचा पर्याय दोन वेगळ्या कंपन्यांच्या राऊटरमध्ये बहुतेक वेळा जुळत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

माडीवरचा यांना मात्र मीही वायरच सुचवेन. इतका सरळ मार्ग असताना हवेचा प्रयोग नको.

सिंहगडरोड

मध्ये घुसतोय, पण विषय तोच आहे. आमच्याकडे नेटवाल्याच्या माणसाने वरच्या मजल्यावर दुसरा राऊटर बसवून दिला. नेट दोन्हीकडे चालतं, वेगही ठीक. पण प्रिंटर खाली आहे आणि वरच्या लॅपटॉपला तो सापडत नाही. वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर काही टाकता येत नाही. तो माणूस म्हणतो प्रिंटर जुना आहे, बदला.

तारेवरची कसरत

प्रिंटर बदलू नका. खालच्या वायफायवर असताना फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा, मग वर जाऊन पुन्हा बघा. खाली १९२.१६८.१.काहीतरी आणि वर १९२.१६८.०.काहीतरी असं दिसलं तर वरचा राऊटर अजून राऊटर म्हणूनच काम करतो आहे. त्याने वरच्या उपकरणांचं स्वतंत्र घर केलं आहे, आणि प्रिंटर-टीव्ही शोधायची हाक एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. याला डबल नॅट म्हणतात. केबल त्याच्या वॅनमध्ये खोचली असेल. खडूफळा यांना वर लिहिलं तेच करा. नवीन काही घ्यायला लागणार नाही.

सिंहगडरोड

अगदी तसंच आहे, खाली १ आणि वर ०. शनिवारी बसून करतो.

माडीवरचा

केबल पडली! जिन्याच्या कठड्याला धरून वर, मग तुळईच्या कडेने सज्ज्यातून मागे. इलेक्ट्रिशियन ओळखीचा होता, पण लॅनचं कनेक्टर त्याने कधी लावलं नव्हतं, ते मी क्रिंपिंग टूल आणून लावतो आहे. रंगांचा क्रम कुणी सांगा. आणि दोन्ही टोकांना सारखाच ना?

तारेवरची कसरत

सारखाच. कनेक्टरची खिट्टी खाली, तांब्याच्या पट्ट्या वर, केबल शिरायचं तोंड तुमच्याकडे, डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चुकायची जागा मधली: हिरव्याची जोडी फोडून तिच्या पोटात निळी येते. सवयीने लोक हिरव्याशेजारी हिरवा लावतात. मग केबल कधी चालते, कधी नाही, किंवा चालते पण वेग मिळत नाही.

तारा सरळ करून एका रेषेत कापा, आत ढकला, आणि दाबण्यापूर्वी कनेक्टरच्या पुढच्या पारदर्शक तोंडातून बघा. आठही तारांची टोकं तिथे टेकलेली दिसली पाहिजेत. बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत शिरलेलं हवं, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो.

माडीवरचा

चालू झालं. मागच्या खोलीत उणे ३९, बायकोच्या लॅपटॉपवर ९४ एमबीपीएस. दुपारची तिची मीटिंग पहिल्यांदाच वायफायवर पार पडली. दोन प्रश्न उरले. ९४ वरच का अडतं? आणि माजघरात उणे ७१ येतं, आधीपेक्षा बरं, पण मला वाटलं होतं त्याहून कमी.

तारेवरची कसरत

जुन्या राऊटरची पोर्ट १०० एमबीपीएसची असणार, त्यातून हाती ९४-९५ च लागतात. तुमचा प्लॅनच १०० चा आहे, काही बिघडत नाही. उद्या ३०० चा घेतलात तर गिगाबिट पोर्टचा राऊटर लागेल. त्या वेळीही ९४ वर अडलं तर कनेक्टर तपासा: १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार जरी नीट बसली नसली तरी राऊटर गुपचूप १०० वर उतरतो.

माजघराचं कारण अँटेना असेल. त्या उभ्या ठेवल्यात ना? काडीसारख्या अँटेनातून लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात आणि अँटेना वड्याच्या भोकात उभी असते. म्हणजे चहूबाजूंना भरपूर, पण नेमकं डोक्यावर आणि पायाखाली कमी. माजघर तुमच्या पायाखाली आहे. एक अँटेना आडवी करा, बाकीच्या उभ्या राहू द्या. आणि राऊटर लोखंडी कपाटावर किंवा कपाटाशेजारी असेल तर हलवा, खाली शक्यतो फक्त लाकूड असू द्या.

माडीवरचा

कपाटावरच होता. आता कोनाड्यात खाली ठेवला, दोन अँटेना आडव्या. माजघरात २.४ वर उणे ५८, आणि ५ सुद्धा उणे ६६ ने दिसतोय! आईने काल पूर्ण कीर्तन ऐकलं, मध्ये एकदाही थांबलं नाही.

पौडफाटा

वा! पण दोन्ही राऊटरला एकच नाव दिलंत का? मी असतो तर वेगळं दिलं असतं, म्हणजे आपण कुठल्यावर आहोत ते कळतं.

आजोळ

एकच द्या. आईंनी ओसरीतून माजघरात येताना सेटिंगमध्ये जाऊन वायफाय बदलायचं का?

तारेवरची कसरत

आजोळ यांच्याशी सहमत. पहिले चार-आठ दिवस तपासणीसाठी वेगळं नाव ठेवायला हरकत नाही, नंतर एकच. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही सारखे हवेत. एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए३ असेल तर काही फोन अडून बसतात.

कुठल्या राऊटरला चिकटायचं ते फोन ठरवतो, राऊटर नाही. काही फोन चिवट असतात, माडीवर पोचले तरी ओसरीतला उणे ८० चा सिग्नल सोडत नाहीत. अशा वेळी लोक राऊटरची ताकद वाढवायला बघतात. उलट करा, ओसरीतल्या राऊटरची ट्रान्समिट पॉवर मध्यमवर आणा, फोन लवकर सोडेल. ८०२.११के, व्ही, आर असे पर्याय दोन्हीकडे असतील तर सुरू करा, फोनला निर्णय घ्यायला मदत होते.

चॅनेल मात्र वेगळे द्या. २.४ वर १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर न चढणारे. अ‍ॅनालायझरमध्ये शेजाऱ्यांची गर्दी बघून दोन निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. पेठेत घराला घर लागून आहे, ४० केलीत तर स्वतःचंच नुकसान. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. आपल्याकडे २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, तिथे जागा भरपूर आहे.

आणि डब्ल्यूपीएस दोन्हीकडे बंद करा, ती सुरक्षेतली फट आहे. राऊटरमध्ये शिरायचा पासवर्डही स्टिकरवरचा ठेवू नका.

खडूफळा

माझा प्रश्न थोडा वेगळा. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षा करणारी तीन मुलं भाड्याने राहतात. जुना राऊटर त्यांच्यासाठी लावायचा विचार आहे. पण घरातले कॅमेरे, लॅपटॉप त्यांच्या नजरेत यायला नकोत. मग इथे ते डबल नॅट उपयोगी पडेल ना? त्यांचं घर वेगळं, आमचं वेगळं.

तारेवरची कसरत

चांगला प्रश्न, आणि बरेच लोक असं करतातही. पण ते उलट्या बाजूने काम करतं. मागच्या राऊटरवरून पुढच्या नेटवर्कमध्ये जाता येतं, पुढून मागे येता येत नाही. मुलं मागच्या राऊटरवर असतील तर त्यांना तुमचे कॅमेरे गाठता येतील, तुम्हाला त्यांचं काही दिसणार नाही. नको तेच होईल.

मुख्य राऊटरचं गेस्ट नेटवर्क वापरा. त्याचा सिग्नल वर पोचत नसेल तर व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरवर दोन वेगळी नेटवर्क, जमणारे दोन राऊटर लागतात, आणि ते घरच्या घरी करण्यासारखं काम नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट केलेल्या जुन्या राऊटरवरचं गेस्ट नेटवर्क बऱ्याचदा नावापुरतंच वेगळं असतं, त्यातून घरातलं सगळं दिसतं. लावलंत तर त्यावरून मुख्य राऊटरचा पत्ता उघडून बघा. पान उघडलं तर ते वेगळं नाही.

खरं सांगू का, मुलांना त्यांचं कनेक्शन त्यांच्या नावावर घेऊ द्या. तिघांत वाटून महिन्याला फार येत नाही. तुमच्या कनेक्शनवरून जे काही होतं त्याची विचारणा तुमच्याकडे होते. मुलांच्या अभ्यासासाठीही ते बरं, तुमच्या घरी पाहुणे आले म्हणून त्यांचा ऑनलाइन क्लास अडकायला नको.

सिंहगडरोड

वरचा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट केला. प्रिंटर लगेच सापडला, जुना आहे तोच. आता एक शेवटचं: गुरुवारी लाइट जाते तेव्हा खालच्या राऊटरला छोटा यूपीएस आहे, पण वर नेट जातंच.

तारेवरची कसरत

वरच्यालाही वीज लागणारच. दुसरा छोटा यूपीएस घ्या. घेताना वरच्या राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, काही ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे. १२ चा यूपीएस ९ च्या राऊटरला लावला तर राऊटर जळू शकतो. पुढे कधी नवा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्याल तेव्हा पीओईचा घ्या, म्हणजे वीज लॅन केबलमधूनच वर जाते आणि खालचा एकच, जरा मोठा यूपीएस दोघांना पुरतो. जुन्या राऊटरला मात्र पीओई थेट लावू नका, तो त्यासाठी केलेला नसतो.

माडीवरचा

याच्याशी जोडूनच विचारतो. चौकापलीकडे काकांचं स्वतंत्र बांधकाम आहे, पत्र्याच्या छताचं. गुंडाळून ठेवलेली दुसरी केबल तिकडे नेली तर? मध्ये दहाएक फूट उघडं आहे.

तारेवरची कसरत

एका छताखालून दुसऱ्या छताखाली तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्या तारेतून झटका येऊन दोन्हीकडची पोर्ट जातात. तेवढ्या तुकड्यासाठी फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल एकमेकांना जोडून देणारे डबे. काच वीज वाहून नेत नाही, फक्त आत धातूची तार नसलेली फायबर केबल मागा. किंवा आधी साधं करून बघा: पत्र्यातून सिग्नल जात नाही, पण काकांची चौकाकडची खिडकी सज्ज्यातून दिसत असेल तर दुसऱ्या केबलला सज्ज्याच्या आतल्या कोपऱ्यात, पावसापासून आडोशाला, एक स्वस्तातला अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. त्यासाठी ती केबल माडीवरच्या राऊटरला न लावता एक टोक ओसरीतल्या राऊटरच्या लॅनमध्ये आणि दुसरं फक्त या नव्या डब्याला जोडा. खिडकीच्या आत फोन धरून आकडा घ्या आणि इथे टाका, मग ठरवू.